हिऱ्या-माणक्या कुंपणात राहीनात

मी हे सदर नेमानं वाचतो, पण खरं सांगतो, करमणूक म्हणून वाचतो. कोणाच्या घरी पंखा आपोआप लागतो, कोणाच्या घरी दिवे फडफडतात... मी पेशानं इलेक्ट्रिशियन. असं काही वाचलं की माझ्या मनात पहिलं येतं, न्यूट्रल ढिला असेल, टेस्टर लावून पाहा लेको. बायको म्हणते, तुम्हाला भूत दिसलं तरी तुम्ही त्याचं अर्थिंग तपासाल. तर अशा माणसानं हे लिहिलं आहे एवढं लक्षात ठेवा, आणि पुढं वाचा.

आम्ही वणी तालुक्यातले. गावाचं नाव देत नाही, कारण एक तर ते आता नाहीच. आमचं जुनं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. घरं, वावरं, मारोतीचा पार, सगळं. जिथं आमचं घर होतं तिथं आज पाहायचं म्हटलं तर खाली पाहावं लागतं, एवढा खोल खड्डा आहे. गावाला दुसरीकडं जागा मिळाली. तिथं सरळ रस्ते आहेत, प्लॉटला नंबर आहेत, मधोमध पाण्याची टाकी आहे. आणि मला त्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली. ज्या खाणीनं गाव खाल्लं तिच्याच मशिनींचं वायरिंग मी करतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो.

घरात आम्ही चौघं. मी, बायको वर्षा, मुलगी तन्वी आणि माझे वडील. तन्वी तेव्हा सहावीत होती. तिचा जन्म नव्या गावातला, जुनं गाव तिनं पाहिलेलं नाही. बाबांचं उलटं. त्यांना गेल्या दोन-तीन वर्षांपासून विसरायला होतं, आणि विसरायचं ते नवं गावच विसरतात. दुपार कलली की चपला घालून दारात उभे राहतात आणि म्हणतात, "चाल, घरी जाऊ."

"बाबा, घरीच आहोत आपण."

"हे नाही बे. आपल्या घरी."

आणि नजर चुकवून निघायचे. दोन वेळा टाकीपाशी सापडले. एकदा तर थेट हमरस्त्याच्या कडेला, जिथून चंद्रपूरकडचे कोळशाचे ट्रक एकामागून एक जातात. एका ट्रकवाल्यानं त्यांना हाताला धरून टपरीवर बसवून ठेवलं होतं, म्हणून वाचले. वणीचे डॉक्टर म्हणाले, वयाचा आजार आहे, यात माणूस मागं फिरत नाही, गेटला आतून कुलूप लावत जा. मी कुलूप आणलं. पण लावायला हात होईना. ज्या माणसानं सगळी उमर उघड्या वावरात काढली त्याला कोंडायचं कसं? वर्षा रोज विचारायची, लावता की नाही? मी म्हणायचो, उद्या लावतो. हे आमच्या घरातलं खरं दुखणं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

आता गेमबद्दल. तन्वीच्या शाळेत गणिताच्या नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी मुलांना चक्क गेम खेळायला सांगितला. तो ठोकळ्यांचा गेम असतो ना, ज्यात हिरवं मोकळं जग असतं आणि एकेक ठोकळा ठेवून घर, रस्ता, काय वाटेल ते बांधता येतं, तसला. नकाशा, प्रमाण, क्षेत्रफळ हे सगळं त्यातून शिकायचं म्हणे. प्रोजेक्ट काय, तर 'माझं गाव'. मॅडमनी पेनड्राइव्हमधून गेम दिला. आमच्याकडं भाच्याचा एक जुना लॅपटॉप होता, त्यात तो चालला. त्याला इंटरनेट लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

मी पहिल्या दिवशी भडकलोच. म्हटलं, आम्ही काय ठोकळे ठेवून आयटीआय पास झालो? पण बंद करायच्या आधी पाहावं तरी म्हणून तिच्या बाजूला बसलो. तिनं मला माऊस दिला. मी एक भिंत बांधली, ती वाकडी झाली. तन्वीनं ती पाडली आणि म्हणाली, "पप्पा, आधी मोजा, मंग ठेवा." हे वाक्य मी वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना रोज ऐकवतो. त्या दिवसापासून ड्यूटीवरून आलो की चहा लॅपटॉपसमोर व्हायला लागला. वर्षा म्हणायची, प्रोजेक्ट पोरीचा आहे का बापाचा?

बाकी मुलांनी नवं गाव बांधलं. टाकी, शाळा, सरळ रस्ते, संपलं काम. आमच्या तन्वीनं ठरवलं, जुनं गाव बांधायचं. मी म्हटलं, अगं तू पाहिलं नाहीस. ती म्हणाली, आबाजींनी पाहिलं ना.

तिनं बाबांना, म्हणजे तिच्या आबाजींना, खुर्चीवर बसवलं आणि एकेक विचारायला लागली. आणि मी सांगतो, सकाळी काय खाल्लं हे ज्या माणसाला संध्याकाळी आठवत नाही, तो माणूस जुनं गाव घडाघडा सांगायला लागला.

"आपलं दार उगवतीले होतं. दारातून निघालं का सामने तीस पावलावर पार."

"मोठी पावलं का लहान, आबाजी?"

"माही पावलं. आणखी कोनाची?"

त्यावरून तन्वीनं नियमच केला. गेममधला एक ठोकळा म्हणजे आबाजींचं एक पाऊल. मॅडमनी सांगितलं होतं, एक ठोकळा एक मीटर धरा. ही शाळेत उभी राहून म्हणाली, "मॅडम, ते गाव मीटरनं नव्हतं." मॅडमनी मला फोन करून हे सांगितलं. मी त्यांना म्हटलं, जरा हट्टी आहे हो. फोन ठेवला आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

पाराच्या उजव्या हाताला एकशे दहा पावलं गेलं की पांदण लागायची, म्हणजे वावराकडं जाणारी बैलगाडीची वाट. पांदणीनं डाव्या हाताला गेलं की आमचं वावर. बाबा सांगत होते, पोरगी ठोकळे ठेवत होती. घराशेजारी तिनं गुरांचा कोठा बांधला, त्याला कुंपण केलं. गेममध्ये बैल मिळत नाहीत, गाई मिळतात. तिनं दोन पांढऱ्या गाई आत ठेवल्या आणि म्हणाली, "आबाजी, हे आपले बैल. नावं सांगा."

बाबा लगेच म्हणाले, "हिऱ्या, माणक्या."

 हिऱ्या-माणक्या ही आमची शेवटची जोडी. मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला यवतमाळला होतो तेव्हा बाबांनी ती बाजारात विकली. मी परीक्षा देऊन घरी आलो तर कोठा रिकामा. मला न विचारता विकली म्हणून मी त्यांच्याशी दोन महिने बोललो नाही. त्यानंतर त्यांनी बैल घेतले नाहीत, भाड्याच्या जोडीनं वखरून घ्यायचे. तन्वीला हे काही माहीत नव्हतं. तिनं नावं लिहिली, ती बैलांच्या डोक्यावर तरंगायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती चिडून आली. "पप्पा, माहे बैल पयाले."

पाहिलं तर खरंच. कुंपण शाबूत, फाटक बंद, आणि आत बैल नाहीत. शोधत गेलो तर दूर, पांदण जिथं संपते त्याच्या पुढं, तिनं काहीच बांधलेलं नव्हतं अशा मोकळ्या हिरव्या जागेत दोघं शेजारी शेजारी उभे. गावाकडं पाठ, वावराकडं तोंड. तन्वीनं त्यांना हाकलत आणून पुन्हा कोंडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिथंच म्हणजे त्याच दोन ठोकळ्यांवर, तशीच तोंडं करून.

आता फॉल्ट म्हटला की मला झोप येत नाही. कुंपण दोन ठोकळे उंच केलं. वर छत टाकलं. फाटक काढून तिथं भिंतच बांधली. कोठा म्हणजे तिजोरी झाला, आणि बैल रोज बाहेर. मला वाटलं, तन्वीच मजा करत असेल. म्हणून एक दिवस मी स्वतः बैल कोंडले, गेम बंद केला आणि लॅपटॉप पिशवीत घालून ड्यूटीवर घेऊन गेलो. दिवसभर तो माझ्या लॉकरमध्ये होता, चावी माझ्या खिशात. संध्याकाळी घरी सगळ्यांसमोर उघडला. हिऱ्या-माणक्या पांदणीच्या टोकाला. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जनावरं आपोआप फिरतात या गेममध्ये, पण भिंतीतून नाही जात, आणि गेम बंद असताना तर नाहीच नाही. मग मी ठरवलं, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बिघाड आहे, आणि सॉफ्टवेअर माझं खातं नाही. मी नाद सोडला.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनानंतर सगळ्यांचे प्रोजेक्ट मोठ्या पडद्यावर दाखवले. तन्वीचा नंबर शेवटी होता. तिनं जुनं गाव सुरू केलं आणि पडद्यावर पार आला, पाराला वळसा घालून जाणारी वाट आली. मागं खुर्च्यांवर बसलेले गावकरी पुढं सरकून पाहायला लागले. मग एक म्हातारी उठून पडद्याजवळ गेली.

"वं पोरी, माह्या घराकडं ने ना मले."

"कोनतं घर, आजी?"

"पारापासून डाव्या हाताले चौथं. सामने कडूनिंब होता."

तन्वीनं नेलं. घर होतं, निंब नव्हता. तिनं तिथल्या तिथं निंब लावला. मग लोक उठायलाच तयार नाहीत. मले ने, मले ने. एकानं विहिरीची जागा दुरुस्त करून दिली, एकानं सांगितलं आमची ओसरी याच्यापेक्षा मोठी होती, तिनं मोठी केली. शाळा सुटायची वेळ टळून गेली. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या पोरीनं, जिनं ते गाव पाहिलं नाही, अख्ख्या गावाला एकेक करून घरी पोचवलं. माझे डोळे भरले, आणि मी ते लपवले नाहीत.

शेवटी ती पांदणीनं निघाली आणि टोकाला बैल दिसले. लोक हसले. पण माझ्या बाजूला बसलेले सखाराम काका हसले नाहीत. हे बाबांच्या वयाचे, जुन्या गावी आमचे शेजारी. ते पडद्याकडं पाहत राहिले, मग मला विचारलं, "हे तुह्या बापानं सांगतलं काय पोरीले?" मी म्हटलं, नाही काका, ते बैल आपोआप तिथं जातात, गेम खराब आहे. ते तसेच उठले आणि घरी गेले.

त्यानंतर पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून वाहून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून त्या दिवशी हळद आणि तूप पळसाच्या पानानं खांद्याला लावतात, शेकतात आणि बैलाला आवतन देतात. म्हणजे उद्याच्या जेवणाचं आमंत्रण. आता आमच्याकडं ना बैल, ना वावर. खरं सांगतो, माझ्या तर ते लक्षातही नव्हतं.

पहिली पाळी करून मी चारच्या सुमारास घरी आलो. दुपारभर पाऊस पडून गेला होता. वर्षा दारात उभी, चेहरा उतरलेला. "बाबा नाहीत. अर्धा तास झाला. मी कपडे काढायला मागं गेली, तेवढ्यात..."

मी मोटारसायकल वळवली ती थेट हमरस्त्याला. टपरीवर विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं. मग खाणीकडच्या रस्त्यानं गेलो, गेटवरच्या माणसांना विचारलं. कोणी पाहिलं नाही. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, कुलूप कपाटात पडलेलं आहे आणि ते मी लावलेलं नाही. काही झालं असतं तर ते माझ्यामुळं झालं असतं. मी परत आलो.

तन्वी दारापाशी वाकून कडीकडं पाहत होती.

"पप्पा, हे पाहा."

कडीवर पिवळा डाग होता. बोटांचा, हळदीचा. वर्षानं आत जाऊन पाहिलं. हळदीचा डबा उघडा, तुपाची वाटी गायब.

"आज खांदशेकणी हाय," तन्वी म्हणाली. "आबाजी बैलाकडं गेले."

"कोणते बैल, बेटा? आपल्याकडं बैल आहेत का?"

"हिऱ्या-माणक्या."

मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, इथं माणूस हरवला आहे आणि तुला गेम सुचतो? ती रडली नाही. ती म्हणाली, "पप्पा, ऐका ना. आबाजी दोनदा टाकीपाशी सापडले. आपल्या दारातून निघालं का टाकी तीस पावलावर. जुन्या गावी तिथं पार होता. आबाजी भटकत नाहीत. ते जुन्या गावातून चालून राह्यले."

 आमचं जुनं दार उगवतीला, नवं दार उत्तरेला. माणूस दिशा पाहून नव्हे, दार पाहून चालत होता. दारातून सरळ, मग पारापाशी वळायचं, जसं साठ वर्षं वळला तसं. हमरस्त्याचंही तिनं सांगितलं, पार सोडून सरळ गेलं की जुन्या गावी एसटीचा थांबा होता. दोन वर्षं डॉक्टर आणि मी जे समजू शकलो नाही ते या पोरीनं ठोकळे मोजून समजून घेतलं होतं.

तिनं लॅपटॉप उघडला. गेममधल्या दारातून निघाली, ठोकळे मोजत बैलांपर्यंत गेली आणि पेननं हातावर लिहिलं. तीस सरळ. एकशे दहा उजवीकडं. दोनशे साठ डावीकडं.

आम्ही दोघं निघालो. मी मोजायला लागलो, तर टाकीच्या पुढं निघून गेलो. तन्वी म्हणाली, "पप्पा, तुमची पावलं नाही. आबाजीची टाका." लहानपणी मी बाबांच्या मागून नांगरटीच्या तासातून चाललो आहे, त्यांच्या पावलात पाऊल टाकत. ते आखूड पाऊल टाकतात, डावा पाय जरा घासतात. मी परत दारापाशी गेलो आणि बाबांसारखं चालायला लागलो. तीस, आणि बरोब्बर टाकी. उजवीकडं एकशे दहा, तिथं शेवटचा प्लॉट आणि रस्ता संपतो. डावीकडं नुसतं छातीएवढं तरोट्याचं तण माजलेलं, मधेमधे बाभळी. तिकडं कोणी जात नाही, म्हणून आम्ही कधी शोधलंच नव्हतं.

तरोट्यातून मोजत गेलो. दोनशेच्या पुढं गेल्यावर आवाज यायला लागला. कोणीतरी शांतपणे बोलत होतं.

दोनशे साठाव्या पावलाला माझ्या पायापुढं चर होता. पाइपासाठी कधीतरी खोदून सोडून दिलेला, माणसापेक्षा जरा कमी खोल. गवतानं झाकलेला, दिसतही नव्हता. पावसाचं पाणी त्यात अजून उतरत होतं. त्यात बाबा उभे होते, पाणी मांडीपर्यंत, एक पाय मुरगळलेला, मातीच्या भिंतीला टेकून. हाताला हळद-तूप, मुठीत पळसाचं पान. ते समोरच्या ओल्या मातीला, एकदा उजवीकडं आणि एकदा डावीकडं, हळद लावत होते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी खाली उडी मारली. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला नावानं हाक मारली. कितीतरी महिन्यांनी. "एवढा उशीर काहून केला बे? म्या कवाचा थांबून राह्यलो. तू बी लाव हात."

मी हात लावला. मग तन्वी पळत जाऊन माणसं घेऊन आली, आणि आम्ही त्यांना वर काढलं. घरी पोचलो आणि जो पाऊस सुरू झाला तो तासभर हटला नाही. तो चर काठोकाठ भरला, मी दुसऱ्या दिवशी पाहून आलो.

डॉक्टर येऊन गेले, पायाला पट्टी झाली, बाबा झोपले. दिवेलागणीला सखाराम काका आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आता सांगतो तुले. तुह्या बापानं तवा शपथ घातली होती. हिऱ्या-माणक्या विकले नाही बाप्पा. वीज पडली दोघावर, मोहाच्या झाडाखाली. त्याच धुऱ्यावर, वावराच्या कडेले, आमी दोघानं खड्डा केला, मीठ टाकलं आन पुरलं. तुही परीक्षा होती. तुहा बाप म्हने, पोट्ट्याले सांगू नोको, सांगतलं तर पेपर सोडून येईन. विकले म्हन. रागावन तर रागावू दे."

 त्या परीक्षेवर माझी नोकरी आहे, माझं घर आहे. मी त्या माणसाशी दोन महिने बोललो नव्हतो आणि त्यानं ते ऐकून घेतलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि बापाचा एवढा अभिमान वाटला की काकांसमोरच रडलो.

मग मी विचारलं, "काका, कसे पुरले?"

"जुवाले जुपत तसे. तोंड वावराकडं. गावाकडून पाह्यलं तर उजव्या हाताले हिऱ्या, डाव्या हाताले माणक्या."

मी लॅपटॉप आणला. गेम दुपारपासून तसाच उघडा होता. पांदणीच्या टोकाला दोघं उभे, पाठ आमच्याकडं. डोक्यावर नावं. उजवीकडं हिऱ्या, डावीकडं माणक्या.

मी तन्वीला पुन्हा पुन्हा विचारलं, आबाजींनी मोहाच्या झाडाचं सांगितलं होतं का, बैल तिथं पुरल्याचं सांगितलं होतं का. तिनं सांगितलं, नाही, तिथं काय आहे हे तिनं विचारलंच नव्हतं, म्हणून तर ती जागा मोकळी होती. समजा, सांगितलं असेल आणि ती विसरली असेल. मी तेवढं धरून चालतो. पण बंद लॉकरमध्ये, बंद लॅपटॉपमध्ये, भिंतीतून बैल कसे निघाले, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. आणि गेममधली ती जागा या नव्या गावात मोजली तर बरोबर त्याच चरावर का यावी, हेही नाही. मोजणीचं समजतं, कारण बाबा मोजूनच चालत होते. पण बैल आम्हाला ती जागा महिनाभर आधीपासून दाखवत होते, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळी वर्षा पुरण वाटत होती. बाबा खाटेवर पाय लांब करून बसले होते. तन्वीनं गेम उघडला आणि मला हाक मारली. आवाज अगदी हळू.

बैल पांदणीच्या टोकाला नव्हते. कोठ्यातही नव्हते. गेममधल्या आमच्या घराच्या दारात उभे होते, दोघं, तोंड घराकडं करून.

"पप्पा, जेवाले आले," तन्वी म्हणाली.

मी रात्री लॅपटॉप बंद करून उशाशी घेऊन झोपलो होतो. कोणी हात लावलेला नव्हता. बाबांनी खाटेवरून मान उंच करून पाहिलं, त्यांना जराही नवल वाटलं नाही. म्हणाले, "मंग पाहून काय राह्यले? पयले त्याईले वाढा." वर्षानं ताट वाढलं, पुरणपोळी, वर तूप, आणि लॅपटॉपसमोर ठेवलं. कुंकू लावलं. मी, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या भुतांना न्यूट्रल ढिला म्हटलं, मी हात जोडून उभा राहिलो. त्या दिवसानंतर हिऱ्या-माणक्या कोठ्यातून एकदाही बाहेर गेलेले नाहीत. मी फाटकसुद्धा उघडं ठेवून पाहिलं.

कोणाला याचं कारण माहीत असेल तर सांगा. मी चिडणार नाही, वाद घालणार नाही. मला खरंच हवं आहे ते. मला मिळालेलं नाही.

तन्वीनं पांदणीच्या टोकाला आता मोहाचं झाड लावलं आहे. बाबा अजून दुपार कलली की चपला घालतात आणि म्हणतात, चाल घरी. आम्ही आता नाही म्हणत नाही. बहुतेक दिवशी तन्वीच जाते, त्यांचा हात धरून, त्यांच्या पावलानं मोजत. तीस पावलांवर टाकीपाशी थांबतात, बाबा टाकीला नमस्कार करतात, ती पण करते, आणि दोघं परत येतात. कुलूप अजून कपाटातच आहे, पाकिटातून काढलेलंही नाही.